ताईचे ‘बालमित्र’

संग्रामपूरच्या आमच्या घरात माळ्यावर ‘बालमित्र’चे अंक होते, थोरल्या ताईचे. ज्यूल व्हर्न मराठीत आणणाऱ्या भा. रा. भागवतांनी १९५१ साली सुरू केलेलं हे मासिक. मला अक्षरओळख नव्हती तेव्हा ताईच वाचून दाखवायची. फास्टर फेणे पुढे भेटला. भागवत त्याआधीच घरचे झाले होते.

बँकेतल्या पहिल्या बदलीच्या वेळी मी तो गठ्ठा रद्दीत घातला. वर पैसे मोजून घेतले, बँकवालाच ना! ताई काही बोलली नाही.

निवृत्तीनंतर अकोल्यापासून पुण्यापर्यंत रद्दीची दुकानं पालथी घातली. अकरा अंक मिळाले. एकावर कुण्या मुलीचं खोडलेलं नाव होतं. ताईचं नव्हे.

तिला आता दिसत नाही. अंक हुंगून म्हणाली, ‘‘वाच. जाहिरातींसकट.’’