सारखं पडायचंय? मग रोप कुठला घ्याल?

पहिला रोप मी लेबलवरचा 'फॉल्स'चा आकडा बघून घेतला. नऊ लिहिलंय म्हणजे नऊदा पडलो की रोप बाद, अशी आपली समजूत! तसं नसतं. लॅबमध्ये ८० किलोचं वजन फार वाईट पद्धतीने पाडतात, आणि सिंगल रोपला असे निदान ५ फॉल्स झेलावेच लागतात. आपण बोल्टच्या जरा वरून पडतो, ते त्यामानाने किरकोळ.

रोपचे हाल होतात ते टोकाला. बदामीला एकाच मूव्हवर मी दिवसभर पडत होतो. संध्याकाळी गाठ सोडली, तर टोकाजवळचा मीटरभर रोप केसाळ, मऊ. चिमटीत वाकवला तर कागदासारखा दुमडला! सकाळी त्यावरच चढणार होतो. तेवढा भाग कापून टाकला.

म्हणून सारखं पडणाऱ्याने ९.८ ते १०.२ मिमीचा, जाड शीथचा रोप घ्यावा. जड असतो, असू दे. फक्त आपल्या बिले डिव्हाइसला तो चालतो का, ते बघा. लांबी ७० मीटर, म्हणजे पुढे कापायला वाव राहतो. कापल्यावर मधली खूण मात्र चुकते; ती नव्याने करा. आणि खालच्या टोकाला गाठ हवीच, नाहीतर उतरवताना टोक डिव्हाइसमधून सटकन निघून जाईल.

दर थोड्या फॉल्सनंतर टोक बदला, रोपलाही दम खाऊ द्या.

आणि हो, पावसाळी रॅपलिंगचा स्टॅटिक रोप लीडला अजिबात नको. तो ताणत नाही, सगळा झटका तुमच्या कमरेला!