स्फटिकाची उत्तर दिशा कोणती?

फौजेत नकाशा उघडला की पहिला प्रश्न: उत्तर कोणती? खरी, चुंबकीय की ग्रिडची? हा फरक धरला नाही, तर तुकडी भलत्याच टेकडीवर पोहोचते.

इंदूरच्या इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर क्ष-किरणांनी प्रथिनांचे स्फटिक तपासतात. तिथेही हाच प्रश्न येतो. किरण, स्फटिक फिरवणारा गोनिओमीटर आणि डिटेक्टर या तिघांच्या दिशा एकाच अक्षचौकटीत सांगाव्या लागतात. आरंभबिंदू सहसा स्फटिकाच्या जागी धरतात. पण झेड अक्ष कुठे? नेक्सस पद्धतीत तो किरणाबरोबर पुढे जातो, तर इमेजसिफमध्ये किरणाच्या उगमाकडे.

घाईत एकच अक्ष उलटा धरला, तर उजव्या हाताची चौकट डाव्या हाताची होते आणि रेणूचं आरशातलं रूप हाती येऊ शकतं. प्रथिनांतली अमिनो आम्लं जवळपास सगळी डाव्या हाताचीच, त्यामुळे तिथे चूक खटकते. औषधाच्या नव्या रेणूत ती सहज लपते, आणि तिथे उजवं-डावं बदललं की परिणामही बदलू शकतो.

म्हणून मोजमापांच्या फाइलमध्येच अक्षांची व्याख्या लिहून ठेवायची. पुढच्या माणसाला अंदाज करावा लागू नये.