सत्तावीस नंबरचं कारण

अँड्रॉइडच्या खुल्या सोर्स कोडमध्ये ‘एपीएन्स-फुल-कॉन्फ’ नावाची एक लांबलचक एक्सएमएल फाइल आहे. देशोदेशीच्या मोबाइल कंपन्या तिच्यात ओळीने मांडल्या आहेत: कंपनीचं नाव, देशाचा क्रमांक, नेटवर्कचा क्रमांक, एपीएन (नेटवर कोणत्या दाराने जायचं त्याचं नाव), प्रॉक्सी (मधला सर्व्हर), एमएमएसचा पत्ता. फोनमध्ये सिम घातलं की फोन सिमवरच्या ओळख-क्रमांकाचे पहिले पाच-सहा आकडे वाचतो आणि त्यांच्याशी जुळणारी ओळ शोधतो. भारताचे आकडे ४०४ आणि ४०५ने सुरू होतात. मुंबईतल्या पूर्वीच्या व्होडाफोनचा ४०४-२०. जिओने देशातल्या २२ परिमंडळांसाठी २२ क्रमांक घेतले: ४०५-८४०, आणि ४०५-८५४ ते ४०५-८७४. मुंबईचा ८७४, उरलेल्या महाराष्ट्राचा आणि गोव्याचा ८६४. एपीएन मात्र सगळ्यांचा एकच, ‘जिओनेट’. ओळ सापडली तर वापरणाऱ्याला एपीएन नावाची काही चीज असते हेही कळत नाही. सापडली नाही, किंवा जुनी निघाली, की ‘रेंज फुल आहे पण नेट चालत नाही’ ही तक्रार घेऊन माणूस दुकानाच्या पायऱ्या चढतो. वरवर पाहता या फाइलमधला मजकूर निव्वळ तांत्रिक आहे. पण भारतीय कंपन्यांचे २००० ते २०१० या दशकातले एपीएन एकाखाली एक लिहून पाहिले, तर मोबाइलवर नेट सुरू करणं इतकं किचकट का झालं याचं उत्तर तंत्रापेक्षा धंद्यात जास्त सापडतं, असं माझं मत आहे.

एअरटेलचंच घ्या. खुल्या इंटरनेटसाठी, म्हणजे ‘मोबाइल ऑफिस’साठी, ‘एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम’, कंपनीच्या ‘एअरटेल लाइव्ह’ या पोर्टलसाठी ‘एअरटेलफन डॉट कॉम’, एमएमएससाठी तिसरा. व्होडाफोनमध्ये खुल्या नेटसाठी नुसतं ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ आणि ‘व्होडाफोन लाइव्ह’साठी ‘पोर्टलएनएमएमएस’. टॉवर तोच, सिम तेच, हँडसेटही तोच. फक्त रकान्यातला शब्द बदलला की माणूस वेगळ्या जाळ्यात जाऊन पडायचा आणि बिलाचा दरही वेगळा. पोर्टलच्या एपीएनसोबत प्रॉक्सीही भरावी लागे, एअरटेलची १००.१.२००.९९, पोर्ट ८०८०. हा पत्ता जरा निरखून पाहण्यासारखा आहे. खाजगी जाळ्यांसाठी राखून ठेवलेल्या पत्त्यांत तो बसत नाही (व्होडाफोनची १०.१०.१.१०० व्यवस्थित बसते). १००ने सुरू होणारा हा पट्टा तेव्हा कुणालाच वाटून दिलेला नव्हता. २०१०च्या अखेरीस तो उत्तर अमेरिकेच्या नोंदणी संस्थेकडे गेला. रिकामा प्लॉट पाहून कुंपण घालावं तसा हा पत्ता वापरात आला होता. हे आकडे ज्या पोरांना तोंडपाठ होते, ती फुकट नेटच्या युक्त्या शोधण्यासाठी नेमकी याच प्रॉक्सीच्या भिंतीला भोकं पाडत होती.

यावर अभियंत्यांचा आक्षेप ठरलेला आहे: एपीएन दुकानदारीसाठी जन्मलाच नाही. तो जीपीआरएसच्या प्रमाणकातला, म्हणजे नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धातला. एकाच रेडिओ जाळ्यावरून वेगवेगळ्या जाळ्यांत जाता यावं हा त्याचा हेतू. एटीएम, कार्ड स्वाइप करण्याची यंत्रं, कंपन्यांची अंतर्गत जाळी आजही अनेक ठिकाणी खाजगी एपीएनवर चालतात. हे सगळं खरं आहे. पण साधन कशासाठी घडवलं आणि ते सामान्य ग्राहकावर कसं वापरलं, हे दोन निराळे प्रश्न. आशयानुसार डेटाचे वेगळे दर लावायला दूरसंचार नियामक ट्रायने ८ फेब्रुवारी २०१६च्या नियमावलीने बंदी घातली. तेव्हा सगळा वाद निवडक साइट फुकट देणाऱ्या फेसबुकच्या ‘फ्री बेसिक्स’भोवती फिरला आणि आपण काही तरी नवंच संकट परतवलं असा आव सगळ्यांनी आणला. पोर्टल एका दरात आणि बाकीचं जग दुसऱ्या दरात, हा बेत एपीएनच्या रकान्यात कित्येक वर्षं आधीपासून नांदत होता. त्याच नियमावलीत इंटरनेटवर न जाणाऱ्या ‘बंदिस्त जाळ्यां’ना सूट आहे, हेही वाचण्यासारखं आहे.

दोन दारांचा तो काळ गेला. मागे राहिलं ते फोनचं मौन, आणि माझा मुख्य आक्षेप त्यावर आहे. फोन नेटवर्ककडे जोडणी मागतो आणि नेटवर्क नकार देतं, तेव्हा ते नुसतं ‘नाही’ म्हणत नाही. नकारासोबत कारणाचा क्रमांक पाठवतं. ८ म्हणजे कंपनीनेच सेवा रोखली आहे. २६ म्हणजे क्षमता शिल्लक नाही. २७ म्हणजे एपीएन दिलेला नाही किंवा ओळखीचा नाही. २९ म्हणजे नाव-पासवर्ड पटला नाही. ३३ म्हणजे मागितलेली सेवा या ग्राहकाने घेतलेलीच नाही. टूजीतले हे क्रमांक फोरजीच्या प्रमाणकातही तसेच ठेवले आहेत. अँड्रॉइडच्या कोडमध्ये यांतल्या प्रत्येकाला स्वतंत्र नाव आहे, आणि पुन्हा मागणी करायची की नाही हे ठरवताना फोन स्वतः हे कारण विचारात घेतो. म्हणजे नेटवर्कला कारण ठाऊक, फोनला ठाऊक. ठाऊक नाही ते फक्त पैसे भरणाऱ्याला. २७ असेल तर एक शब्द दुरुस्त करायचा असतो, ३३ असेल तर कंपनीला फोन करायचा असतो, २६ असेल तर थांबण्यापलीकडे काही करायचं नसतं. तिन्हींसाठी पडद्यावर दिसतं ते एकच: नेट नाही.

सामान्य माणसाला आकडे कळणार नाहीत, हा पहिला बचाव. तो मला पटत नाही. गॅसच्या गिझरवर आणि वॉशिंग मशीनवर ‘ई-१’, ‘ई-४’ असे संकेत उमटतात, आणि लोक ते मेकॅनिकला फोनवर वाचून दाखवतात. दुसरा बचाव सुरक्षेचा आणि तो वजनदार आहे. सेटिंग एसएमएसने येण्याची पद्धत (‘सेव्ह’ करा, पिन बहुधा १२३४) किती पोकळ होती हे चेक पॉइंट या कंपनीच्या संशोधकांनी सप्टेंबर २०१९मध्ये दाखवलं: सॅमसंग, हुआवे, एलजी आणि सोनीच्या फोनवर मोबाइल कंपनीच्या नावाने खोटा सेटिंग-संदेश पाठवून प्रॉक्सी बदलता येत होती, आणि सॅमसंगच्या काही फोनवर तर पाठवणारा खरा आहे का याची तपासणीच नव्हती. पण धोका आहे तो सेटिंग बाहेरून लिहू देण्यात. नकाराचं कारण वाचू देण्यात कसला धोका? तिसरा बचाव असा की फोरजीने प्रश्नच मिटवला, कारण तिथे फोनने एपीएन कोरा ठेवला तरी ग्राहकाच्या नोंदीतला मूळ एपीएन नेटवर्क स्वतःच लावू शकतं. अर्धं खरं. त्याच फोरजीने नवं कोडं घातलं: व्होल्टीईचे कॉल ‘आयएमएस’ या वेगळ्या एपीएनवरून जातात, म्हणून फोन लागतो आणि नेट मात्र बंद. शिवाय परदेशातून आणलेला हँडसेट, कुणी तरी हाताने भरलेला जुना एपीएन, ‘आयपीव्ही४’वरच अडकवून ठेवलेला प्रोटोकॉल या गोष्टी कुठे गेल्या?

फोन नकाराचं कारण दाखवू लागेपर्यंत अदमासानेच चालायचं. रेंजच्या काड्या फक्त टॉवरशी असलेल्या रेडिओच्या नात्याबद्दल बोलतात. काड्या पूर्ण आहेत, मोबाइल डेटा चालू आहे आणि शेजारी ‘फोरजी’, ‘एलटीई’ यांसारखी अक्षरं उमटतच नाहीत, तर जोडणीच नाकारली गेल्याची शक्यता जास्त. आधी एपीएन आणि पॅक बघा, परगावी असाल तर रोमिंगचं बटण. अक्षरं आहेत पण पान उघडत नाही, तर वाय-फाय बंद करून ब्राउझरमध्ये १.१.१.१ टाका. हे क्लाउडफ्लेअरचं पान उघडलं आणि नावाने कुठलीच साइट उघडली नाही, तर दोष डीएनएसचा, म्हणजे नावावरून पत्ता शोधणाऱ्या सेवेचा. अँड्रॉइडच्या नवव्या आवृत्तीपासून आलेल्या ‘प्रायव्हेट डीएनएस’मध्ये कुणी काही भरून ठेवलंय का ते पाहा. कस्टमर केअर बहुतेकदा थेट ‘नेटवर्क सेटिंग रीसेट करा’ सांगतं. त्याने वाय-फायचे पासवर्ड, ब्लूटूथच्या जोड्या आणि हाताने भरलेला एपीएन सगळं पुसलं जातं. बिघाड कुठे होता याचा पुरावाही त्यातच जातो. रीसेट करण्याआधी एपीएनच्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या. आणि ट्रायने सेवेच्या दर्जाच्या नियमांत एक ओळ वाढवावी: डेटाची जोडणी नाकारली, तर नकाराचा क्रमांक ग्राहकाच्या पडद्यावर आणि तक्रारीच्या नोंदीत दिसलाच पाहिजे.