‘कोणाच्या पापाची शिक्षा?’ ते ‘तुला काय हवंय?’: केडगावच्या अंध मुलींना बळ कुठून मिळालं?

तुळजापुरात शिरलं की आधी कानावर येतो संबळ. मग ‘उदो उदो’चा गजर, हळदीकुंकवाचा वास, देवळात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या. ज्याला डोळ्यांनी दिसत नाही, त्यालाही ही जागा ओळखू येते. पण देऊळ असो, एसटी स्टँड असो की मुंबईची लोकल, अंध माणसाला एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो. “जन्मापासूनच असं आहे का?” आणि त्यामागून दबक्या आवाजात, “मागच्या जन्मीचं काहीतरी असणार.”

म्हणजे दिसत नाही हे दुःख एकीकडे आणि ‘तुझीच काहीतरी चूक असेल’ हा शिक्का दुसरीकडे. अनेक अंध व्यक्ती सांगतात की काठी घेऊन चालायला शिकता येतं, पण हा शिक्का पुसणं जास्त अवघड जातं.

हा शिक्का पुसायचा एक प्रयत्न आपल्याच महाराष्ट्रात सव्वाशे वर्षांपूर्वी झाला. तुळजापूरहून सोलापूर साधारण ४५ किलोमीटर. तिथून पुण्याकडे जाणारी रेल्वे दौंड ओलांडते आणि मग केडगाव नावाचं स्टेशन लागतं. या केडगावात पंडिता रमाबाईंनी उभं केलेलं ‘मुक्ती मिशन’ आहे. रमाबाई आपल्याला विधवांसाठी काम करणाऱ्या म्हणून माहीत असतात. पण मुक्तीमध्ये अंध मुली आणि बायकाही राहत होत्या, शिकत होत्या, काम करत होत्या. त्यांना हे बळ कुठून मिळालं, ते समजून घेऊया.

सुरुवात एका अंध वडिलांपासून

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे संस्कृतचे मोठे विद्वान. बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष ओढवून घेतलेला माणूस. हे कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत देशभर फिरायचं. पुढे मद्रास प्रांतात दुष्काळ पडला. जवळचं सगळं संपलं. अनंतशास्त्री तोवर म्हातारे झाले होते आणि त्यांची दृष्टी गेली होती.

त्यांच्या शेवटच्या दिवसांबद्दल रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवलं आहे. वडिलांना लेकीचा चेहरा दिसत नव्हता. त्यांनी तिला जवळ घेतलं, डोक्यावरून, गालावरून हात फिरवला आणि सांगितलं की तुला मी देवाच्या हाती सोपवलंय, आयुष्यभर त्याचीच सेवा कर. ते साल होतं १८७४. त्यानंतर थोड्याच काळात आई गेली, मोठी बहीण गेली. उरले रमा आणि तिचा भाऊ.

पुढची गोष्ट अनेकांना माहीत आहे. कलकत्त्यात ‘पंडिता’ ही पदवी, बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न, दोनच वर्षांत वैधव्य, मग पुणे आणि १८८३ मध्ये इंग्लंड. तिथे त्या डॉक्टर व्हायच्या इराद्याने गेल्या होत्या, पण कमी ऐकू येत असल्यामुळे ते शिक्षण होऊ शकलं नाही. त्याच वर्षी तिथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

थोडक्यात, दिसत नसलेल्या बापाची ही लेक, आणि तिला स्वतःला नीट ऐकू येत नव्हतं. शरीराचं एखादं दार बंद झालं की काय होतं, हे तिला पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

अंध मुली केडगावला आल्या कशा?

१८८९ मध्ये रमाबाईंनी मुंबईत ‘शारदा सदन’ सुरू केलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवलं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली, विधवा यांना घेऊन आल्या. त्यांच्यासाठी केडगावच्या माळरानावर मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळात आणखी मुली आल्या आणि तिथली वस्ती दोन हजारांच्या घरात पोहोचली.

दुष्काळ आणि अंधत्व यांचा थेट संबंध आहे. खायला मिळत नाही, तेव्हा शरीरात ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडतं. आधी रातांधळेपणा येतो. तरीही पोषण मिळालं नाही, तर बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, कोरडा पडतो, त्यावर जखमा होतात आणि लहान मूल कायमचं आंधळं होतं. त्यात त्या काळी देवीची साथ होती. देवीतून जी मुलं वाचायची, त्यांतल्या काहींचे डोळे जायचे. खुपरीसारखे डोळ्यांचे आजार होतेच.

आता विचार करा. मुलगी, अनाथ, दुष्काळातून आलेली आणि वर अंध. त्या काळात तिच्यापुढे भीक मागण्याशिवाय काय होतं?

मनोरमाबाई आणि सहा ठिपके

इथे रमाबाईंची मुलगी मनोरमा गोष्टीत येते. तिचा जन्म १८८१ चा. इंग्लंड-अमेरिकेत शिकून ती केडगावला परतली आणि आईच्या कामात उतरली. मनोरमाबाईंनी ब्रेल लिपी शिकून घेतली आणि मुक्तीमधल्या अंध मुलींना ती शिकवायला सुरुवात केली.

ब्रेल म्हणजे नेमकं काय? फ्रान्सचा लुई ब्रेल (१८०९-१८५२) लहानपणी अपघाताने अंध झाला. विशीत पोहोचायच्या आधीच त्याने ही लिपी तयार केली. प्रत्येक अक्षरासाठी सहा ठिपक्यांची जागा, दोन उभ्या रांगांत तीन-तीन. त्यातले कोणते ठिपके कागदावर उठवायचे, यावरून अक्षर ठरतं. अशा ६३ वेगवेगळ्या रचना होतात. बोटाचं टोक एका वेळी एक रचना ओळखतं आणि पुढे सरकतं.

मराठी ब्रेलमध्ये एक गंमत आहे. छापील ‘कि’ लिहिताना आपण वेलांटी आधी काढतो आणि ‘क’ नंतर. ब्रेलमध्ये मात्र आधी ‘क’ येतो, मग ‘इ’. म्हणजे जसं बोलतो, त्याच क्रमाने. आज सगळ्या भारतीय भाषांसाठी जी ‘भारती ब्रेल’ वापरतात, ती १९५१ मध्ये ठरली. त्याआधी देशात ब्रेलच्या वेगवेगळ्या पद्धती चालायच्या. मनोरमाबाईंचं काम त्या काळातलं आहे.

त्या काळी डोळे शाबूत असलेल्या बहुतेक बायकांनासुद्धा वाचता येत नव्हतं. अशा वेळी एक अंध मुलगी मांडीवर जाड कागद घेऊन बोटांनी वाचते, हे चित्रच मोठं होतं. ‘हिला काय जमणार?’ या प्रश्नाचं ते उत्तर होतं.

मुक्तीमध्ये नुसतं भजन-प्रार्थना चालत नव्हती. शेती, विणकाम, छापखाना, सगळं बायका चालवायच्या. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर केलं, तेही याच छापखान्यात छापलं गेलं.

पण यात श्रद्धेचा वाटा कोणता?

शाळा तर कोणीही काढू शकतं. मग ख्रिस्ती श्रद्धेने वेगळं काय दिलं? याचं उत्तर बायबलमधल्या दोन गोष्टींत सापडतं.

पहिली योहानाच्या शुभवर्तमानात, नवव्या अध्यायात. रस्त्यात एक जन्मांध माणूस दिसतो. शिष्य येशूला विचारतात की हा आंधळा जन्मला तो कोणाच्या पापामुळे, याच्या की याच्या आईबापाच्या? म्हणजे सुरुवातीला आपण पाहिलेला तोच प्रश्न! तो फक्त आपल्याकडचा नाही, जगभरचा आणि फार जुना आहे. येशूचं उत्तर असं की याच्याही नाही आणि आईबापाच्याही नाही. शिक्षेचा हिशोबच तो बाजूला ठेवतो.

दुसरी गोष्ट बार्तीमयाची, मार्काच्या दहाव्या अध्यायातली. यरीहो शहराच्या वाटेवर भीक मागणारा हा अंध माणूस येशूला हाका मारतो. लोक त्याला गप्प बसवतात, तसा तो आणखी मोठ्याने ओरडतो. येशू थांबतो, त्याला बोलावतो आणि विचारतो की मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे?

समोर आंधळा माणूस उभा आहे, त्याला काय हवं ते उघड आहे, तरी त्याला विचारलं जातं. त्याच्या तोंडून ऐकलं जातं. दया दाखवणं आणि मान देणं यातला फरक इथे आहे.

या दोन्ही गोष्टींत शेवटी त्या माणसांना दिसू लागतं. प्रत्यक्षात मात्र बहुतेक अंध श्रद्धाळूंची दृष्टी परत येत नाही. मग त्यांना बळ मिळतं कशातून? तर ‘मी शिक्षा भोगत नाहीये’ या खात्रीतून, सोबत प्रार्थना करणाऱ्या माणसांतून, आणि माझ्याकडूनही कोणाला तरी काही मिळू शकतं या भावनेतून. अमेरिकेची फॅनी क्रॉस्बी (१८२०-१९१५) दीड महिन्याची असताना अंध झाली आणि तिने आठ हजारांहून जास्त भक्तिगीतं लिहिली. त्यांतल्या काहींची भाषांतरं आजही भारतीय चर्चमध्ये गायली जातात.

मुक्ती एकटी नव्हती

भारतातली अंधांसाठीची पहिली शाळा १८८७ मध्ये अमृतसरला अ‍ॅनी शार्प या मिशनरी बाईंनी सुरू केली. ती पुढे डेहराडूनजवळ राजपूरला गेली. मुंबईत १९०० मध्ये अमेरिकन मराठी मिशनच्या अ‍ॅना मिलार्ड यांनी अंध मुलांची शाळा काढली. आज तीच दादरची अंध मुलींची शाळा म्हणून ओळखली जाते. मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये दवाखाना उभा केला आणि तिथल्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांसाठी दूरदूरहून लोक येऊ लागले.

म्हणजे याच श्रद्धेतून एकीकडे ब्रेलची शाळा निघाली आणि दुसरीकडे डोळ्यांचं ऑपरेशन करणारा दवाखाना. प्रार्थना हवी की उपचार, असा वाद यांनी घातला नाही.

दुसरी बाजूही बघायला हवी

रमाबाईंच्या कामावर टीकाही झाली. शारदा सदनात मुलींना धर्मांतराकडे नेलं जातंय, असा आरोप पुण्यात झाला. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्ण भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेक पालकांनी मुली काढून घेतल्या. संकटात सापडलेल्या माणसाला आधार देताना धर्म मध्ये यावा का, हा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही आहे.

आणि श्रद्धेतून बळ मिळणं ही एकाच धर्माची मक्तेदारी नाही. मनोरमाबाईंच्याच वर्षी, १८८१ मध्ये, अमरावती जिल्ह्यात गुलाबराव महाराज जन्मले. तान्हेपणीच त्यांची दृष्टी गेली. दुसऱ्यांकडून ग्रंथ वाचून घेत, सांगून लिहवून घेत त्यांनी अवघ्या ३४ वर्षांच्या आयुष्यात प्रचंड लेखन केलं. लोक त्यांना ‘प्रज्ञाचक्षू’ म्हणतात. ते स्वतःला ज्ञानेश्वरांची कन्या मानत. वाट वेगळी, पण दिसत नाही म्हणून माणूस कमी ठरत नाही, हे तिथेही तितकंच खरं.

चमत्काराच्या आशेने उपचार लांबवू नका

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ‘तुझा विश्वास कमी पडला म्हणून दिसत नाही’ असं कोणी म्हणत असेल, तर तो ‘मागच्या जन्मीच्या पापाचा’च दुसरा अवतार आहे. शिक्का तोच, शाई फक्त नवी.

भारतात २०१५-१९ च्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशी ओलांडलेल्या लोकांतल्या अंधत्वाचं सगळ्यात मोठं कारण मोतीबिंदू निघालं, तब्बल ६६.२ टक्के. मोतीबिंदूने गेलेली नजर बहुतेक वेळा साध्या शस्त्रक्रियेने परत येते. काचबिंदूत गेलेली नजर मात्र परत येत नाही, म्हणून तो वेळेत ओळखावा लागतो. घरातल्या आजी-आजोबांना धूसर दिसत असेल, तर प्रार्थना, नवस जे करायचं ते करा, पण आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या.

दृष्टी परत येणारच नसेल, तर आज हातात बरंच काही आहे. मोबाइलमधला ‘टॉकबॅक’ किंवा ‘व्हॉइसओव्हर’ स्क्रीनवरचं वाचून दाखवतो. ब्रेलमध्ये बायबलचे अनेक जाडजूड खंड होतात, तेच आता फोनवर ऐकता येतं. ज्ञानेश्वरीही ऐकता येते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार सरकारी नोकरीत दिव्यांगांना चार टक्के आरक्षण आहे, त्यातला एक टक्का अंध आणि अल्पदृष्टी असलेल्यांसाठी.

आपण काय करू शकतो?

* अंध व्यक्ती दिसली की एकदम हात धरून ओढू नका. आधी विचारा, “मदत हवी आहे का?”
* ‘हो’ म्हणाले तर आपलं कोपर त्यांना धरू द्या आणि अर्धं पाऊल पुढे चाला.
* बोलताना आपलं नाव सांगा. निघून जाताना ‘मी निघतो’ म्हणा, नाहीतर ते रिकाम्या जागेशी बोलत राहतात.
* प्रश्न सोबतच्या माणसाला नाही, थेट त्यांनाच विचारा.

मनोरमाबाई १९२१ मध्ये गेल्या, रमाबाई पुढच्याच वर्षी, एप्रिल १९२२ मध्ये. मुक्ती मिशन अजून केडगावात आहे. १८७४ मध्ये एका बापाने लेकीचा चेहरा हातांनी चाचपून पाहिला होता. त्याच लेकीने उभ्या केलेल्या घरात पुढे अंध मुली बोटांनी वाचायला शिकल्या.

पुढच्या वेळी तुळजापूरच्या पायऱ्यांवर, सोलापूरच्या स्टँडवर किंवा रेल्वेत पांढरी काठी दिसली, तर ‘हे कशामुळे झालं?’ हा प्रश्न गिळून टाका. त्याऐवजी एवढंच विचारा, “तुम्हाला काय हवंय?”