पाण्यात कोपर घालून पाहा

आईला अकलोलीच्या कुंडांची ओढ अजून आहे. वज्रेश्वरीचं दर्शन घ्यायचं आणि तानसेच्या काठी ऊन पाण्यात गळ्यापर्यंत बसायचं, हा आमच्या घरचा वर्षातून एकदाचा ठरलेला बेत. आता गुडघे पायऱ्या उतरू देत नाहीत. मग घरीच टब बसवावा असं मनात आलं आणि मी टेप घेऊन न्हाणीघर मोजलं.

कुंडातलं पाणी ज्वालामुखीमुळे तापत नाही. पावसाचं पाणी भेगांतून खोल मुरतं, भूगर्भातल्या उष्णतेनं तापतं आणि खडकातल्या फटींमधून वर येतं. अशा झऱ्यांची रांग थेट राजापूरपर्यंत गेली आहे. लोक गुण गंधकाला देतात. पण दुखऱ्या गुडघ्याला आधी सुटका मिळते ती पाण्यानं उचलून धरल्यामुळे. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहिलं की पायांवर निम्मंच वजन येतं, गळ्याएवढ्या पाण्यात जेमतेम दहावा हिस्सा. ऊब आखडलेले स्नायू सैल करते ती वेगळीच.

घरचा हिशोब मात्र जड निघाला. 250 लिटर पाणी 27 अंशांवरून 39 अंशांवर न्यायला साडेतीन युनिट वीज लागते. पंधरा लिटरच्या गिझरचं 60 अंशांचं पाणी विसण घालून वाढवलं तरी सुमारे 41 लिटर होतं, म्हणजे गिझर सहा वेळा भरायचा. शहरात माणशी रोजचं पाणी 135 लिटर धरतात. एका टबात जवळपास दोघांचा दिवस जातो. शिवाय टब, पाणी आणि माणूस मिळून साडेतीनशे किलोंच्या पुढे. घरातल्या न्हाणीघराची जमीन आपल्याकडे चौरस मीटरला साधारण 200 किलो भार धरून आखतात. आमच्यासारख्या जुन्या इमारतीत स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय टब आणूच नये.

ज्येष्ठांसाठी दाराचा टब मिळतो: दार उघडायचं, आत बसायचं, मग पाणी सोडायचं. पाणी भरेपर्यंत आणि ओसरेपर्यंत आतच कुडकुडत बसायचं, हे विकत घेताना लक्षात येत नाही. आत उघडणाऱ्या दारावर काय होतं ते पाहा. दार अर्धा मीटर रुंद आणि पाणी 60 सेंटिमीटर उंच असेल, तर त्यावर सुमारे 90 किलोंचा दाब येतो. दार घट्ट बसतं, गळत नाही. पण आत चक्कर आलेल्या माणसाला ते उघडणं अशक्य. आणि चक्कर येते. उष्णतेनं रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्तदाब उतरतो आणि उठून उभं राहताच डोळ्यांपुढे अंधारी येते. टबात डुंबण्याची सवय असलेल्या जपानमध्येही सरकारी सल्ला आहे: पाणी 41 अंशांच्या वर नको, दहा मिनिटांपेक्षा जास्त बसू नका. म्हणून माझा कौल असा: बाहेर कसं यायचं याचं उत्तर आधी शोधा, फवारे आणि बुडबुडे नंतर. फवाऱ्यांच्या नळ्यांत पाणी साचून जंतू वाढतात, ती सफाई वेगळीच.

शेवटी आम्ही टब घेतलाच नाही. भिंतीच्या विटांत पक्का रोवलेला दांडा, न घसरणारी फरशी, अठरा इंच उंचीची टेकू असलेली खुर्ची आणि माळ्यावरचं पितळी घंगाळ. निजायच्या तासभर आधी आई त्यात पाय सोडून बसते. पाय तापले की तिथल्या रक्तवाहिन्या उघडतात, शरीर आतली उष्णता बाहेर टाकतं, आणि आतलं तापमान उतरू लागलं की झोप येते. टेक्सास विद्यापीठाच्या संशोधकांनी 2019 मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले. झोपेच्या एक-दोन तास आधी ऊन पाण्याची अंघोळ केली किंवा नुसते पाय शेकले, तरी झोप सरासरी दहा मिनिटं लवकर लागते, असं त्यांना आढळलं.

मधुमेहात तळव्यांची जाणीव बोथट होते, पाणी पोळतंय हे कळत नाही. अशांनी डॉक्टरांना विचारूनच पाय बुडवावेत, आणि पायाला जखम असेल तर अजिबात नाही. बाळाला न्हाऊ घालणाऱ्या बाया करतात तसं मी रोज आधी कोपर बुडवून पाहतो. काल आईनं तरीही पायाचा अंगठा तेवढा टेकवला, झटकन वर घेतला आणि म्हणाली, "अजून तांब्याभर विसण घाल रे."