‘तूही दे एक ठेवून!’

पोर शाळेतून रडत आलं की घरात दोन सल्ले तयार असतात. बाबा म्हणतात, ‘तूही दे एक ठेवून.’ आजी म्हणते, ‘लक्ष देऊ नकोस, आपोआप गप्प बसतील.’ दोघांनीही हा मामला दोन मुलांपुरताच धरलेला असतो. गफलत तिथेच होते.

गैरसमज : हे नेहमीचं भांडण आहे, उलटून मारलं की मिटतं.
नॉर्वेत शाळेतल्या दादागिरीवर अनेक वर्षं काम केलेले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस तिच्या तीन खुणा सांगत. त्रास मुद्दाम दिलेला असतो, तो पुन्हा पुन्हा दिला जातो आणि सोसणारा अंगाने, वयाने किंवा पाठीशी असलेल्या दोस्तांच्या संख्येने कमी पडतो. तिसरी खूण मोठी माणसं विसरतात. दुसरीतल्या ज्या पोराचा डबा चौथीतले रोज पळवतात, त्याला ठोसा मारता आला असता तर ते त्याच्या वाटेला गेलेच नसते. शिवाय बाईंची नजर पडते ती नेमका त्याचाच हात वर असताना.

गैरसमज : बाकीच्यांनी मध्ये पडू नये.
कॅनडात पहिली ते सहावीच्या मुलांचं मैदानावर कॅमेरे लावून निरीक्षण केलं गेलं. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दादागिरीच्या ८८ टक्के प्रसंगांत इतर मुलं आजूबाजूलाच होती. मध्ये पडली फक्त १९ टक्के प्रसंगांत. पण पडली तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा, ५७ टक्के, त्रास तिथेच थांबला. फिनलंडच्या तुर्कू विद्यापीठाने तयार केलेला ‘किवा’ हा शालेय कार्यक्रमही भर देतो तो बघ्या मुलांवरच.

मध्ये पडायचं म्हणजे मारामारी करायची नाही. हसणाऱ्यांत सामील व्हायचं नाही, हे पहिलं. जमलं तर दोघा-तिघांनी मिळून ‘ए, सोड त्याला’ म्हणायचं, नाहीतर ‘चल, आपण तिकडे खेळू’ म्हणत त्याला हाताला धरून बाजूला न्यायचं. अंगावर येण्याची भीती असेल तर सरळ बाईंना गाठायचं. हे फळ्यावर लिहून येत नाही, वर्गात करून बघावं लागतं. सुरुवातीला मुलं खिदळतात, ‘सोड त्याला’ घशातच अडकतं. चार-पाच वेळा झाल्यावर आवाज फुटतो.

गैरसमज : सांगणं म्हणजे चुगली.
वर्षभर ‘चुगल्या नकोत’ म्हणून मुलांना परत पाठवणाऱ्या बाईंपर्यंत खरी तक्रारही पोचत नाही. इतकं साधं आहे ते.

गैरसमज : सॉरी म्हणायला लावलं, हात मिळवले, विषय संपला.
समोरासमोर उभं केलं की दुबळं मूल ‘काही नाही झालं बाई’ म्हणतं, कारण शाळा सुटल्यावर गाठ त्याच पोरांशी असते. दोन्ही बाजूंशी वेगवेगळं बोलावं आणि आठवड्याने, पुन्हा महिन्याने, त्या मुलाला एकटं गाठून विचारावं. शाळा दादच देत नसेल, तर १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक चोवीस तास, मोफत चालू असतो. मूल स्वतःही फोन लावू शकतं.