इहिदे सितैन मया व अलफ

नव्याने मोडी शिकलेला माणूस पेशवाईतल्या कागदावर अडखळतो तो नेमका अशा शब्दांपाशी. मंत्र वाटावा अशी ही अक्षरे म्हणजे साधे वर्ष आहे. इहिदे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार, बेरीज ११६१. आकडा एककापासून वर चढत जातो. ‘एकसष्ट’ म्हणताना आधी एक आणि मग साठ उच्चारणाऱ्या मराठी कानाला यात परके वाटण्यासारखे काही नाही.

हा शुहूर सन. हिजरी वर्ष चांद्र, सुमारे ३५४ दिवसांचे. सौर वर्षाच्या मानाने ते दरसाल अकराएक दिवस आधीच येते. त्यावर शेतसारा बांधला तर पीक उभे असतानाच वसुलीची तारीख येऊन ठेपायची. म्हणून इ. स. १३४४ च्या सुमारास आकडा हिजरीचाच ठेवून वर्ष मात्र सूर्याला जोडले गेले. सूर्य मृग नक्षत्रात शिरला की नवा सन, म्हणून मृगसाल हेही त्याचेच नाव. १६७४ मध्ये राज्याभिषेक शक सुरू झाला, तरी पेरणीच्या तोंडावर बदलणारे हे साल दप्तरातून हलले नाही. कुणब्याच्या वर्षाला राज्यकारभारात मिळालेला हा मान फार मोलाचा आहे.

इसवी सन काढायचा तर मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवायचे. ११६१ मधला जानेवारी म्हणजे १७६१ चा.

पानिपतचा.

त्या लढाईचा दिवस पंचांगात शके १६८२, विक्रमनाम संवत्सर, पौष शुद्ध अष्टमी, बुधवार. पत्रांत आणखी एक खूण भेटते, ‘छ’. छ म्हणजे चंद्र; पुढे मुसलमानी महिन्याची तारीख. पुष्कळ पत्रांत तेवढेच असते, वर्ष नसतेच. लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला ते ठाऊक होते. आज संशोधक जंत्री उघडून वार, चंद्र आणि मजकुरातल्या घटना जुळवत बसतो, तेव्हा कुठे साल हाती लागते.

वेळेसाठी घटका. घंगाळातल्या पाण्यावर तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी सोडायची. भरून बुडाली की एक घटका, २४ मिनिटे. अशा साठ घटकांची दिवसरात्र. वार मात्र सूर्योदयाला बदलतो. म्हणून मंगळवारी चार घटका रात्र उरली असता स्वारी निघाली, असे लिहिलेले असेल, तर आपल्या घड्याळाने ती निघालेली असते बुधवारी पहाटे, साडेचारच्या आसपास.